जेनोआ: एका दिवसात काय पाहावं

इटलीतल्या या बंदराच्या शहरात पियात्सा प्रिंचिपे स्टेशनला उतरा. तिथून जुनं शहर पायी गाठता येतं. सुरुवात व्हिया गारिबाल्दी या रस्त्यापासून करा. इथले रोल्ली महाल, म्हणजे जुन्या उमरावांचे वाडे, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. रोस्सो, बियांको आणि तुर्सी या तिन्ही महालांची संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा बेत तसा आखा. तुर्सीत प्रख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे, ते अजिबात चुकवू नका.

पुढे 'कारुज्जी', म्हणजे बोळ. दोन्ही बाजूंना उंच घरं असल्यानं मोबाइलचा नकाशा हमखास भरकटतो. वाट चुकलात तर उताराच्या दिशेनं चालत राहा, बंदर सापडतंच. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये उजव्या बाजूला ब्रिटिश तोफगोळा ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी तो भिंत फोडून आत आला, पण फुटला नाही. त्याच्यासमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो.

भूक लागली की फारिनाता खा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. चव आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या जवळची. गरमच खावं, गार झालं की चिवट होतं.

संध्याकाळी पियात्सा पोर्तेल्लोहून लिफ्टनं कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागात चढा. छपरांपलीकडे १५४३ सालचा, ७७ मीटर उंच लांतेर्ना दीपस्तंभ दिसतो.