नळाची सावली : नोंद सहावी

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की स्वयंवराचा प्रसंग एप्रिलअखेर हातावेगळा होईल. झाला नाही. उलट तयार झालेली ॲनिमेशनची २२ सेकंदं गेल्या आठवड्यात माझ्याच हाताने पुसली.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळ-दमयंतीची गोष्ट सांगतात. त्यातलं फक्त स्वयंवर मी ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये, म्हणजे त्यातल्या चित्रं काढायच्या साधनात, हाताने काढतोय. एकूण ९६ सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने २३०४ फ्रेम, दर दोन फ्रेमला एक चित्र धरलं तर ११५२ चित्रं. नोकरी सांभाळून. दमयंती विदर्भाची, तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं आपलं कौंडिण्यपूर असं मानतात. नागपुरात बसून रामायणाची लढाई काढण्यापेक्षा ही घरची मुलगी बरी, असा साधा विचार होता.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात आणि दमयंतीसमोर पाच नळ. देव ओळखायच्या खुणा अशा : घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ सुकत नाही, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. आणि नळ? ‘छायाद्वितीयः’, म्हणजे सावली हीच त्याची जोडीदार. पुढे ‘भूमिष्ठः’, आणि ‘निमेषेण च सूचितः’, पापणीच्या लवण्यावरून कळलेला.

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. कंटाळलेला ॲनिमेटर जे जे काढायचं टाळतो, त्याचीच ही यादी! पापण्या, सावल्या, जमिनीला नीट टेकलेले पाय. म्हणजे चार देव फुकटात. एकेक चित्र काढायचं आणि ताणायचं. मेहनत फक्त नळावर. तशी ती २२ सेकंदं झाली होती.

रविवारी धरमपेठेतल्या काकू आल्या. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या. दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, “अरे, हे चौघं पहिल्यापासूनच पुतळे दिसताहेत. मग ती घाबरली कशाला? सरळ जाऊन माळ घालायची की.”

पोथी काढली. काकूंचं बरोबर. दमयंतीने या खुणा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या असतात, ती त्या शोधते, आणि पाचांपैकी एकावरही तिला त्या दिसत नाहीत. तेव्हा कुठे ती हात जोडून सत्याची आण घालते, आणि मग देव आपापल्या खुणा दाखवतात. म्हणजे तोवर देवांनी नक्कल पूर्ण केलेली असते, घामासकट. मला आधी पाच जिवंत नळ काढायचे होते आणि नंतर चौघांतला जीव काढून घ्यायचा होता. वाचवलेलं सगळं काम पाचपट होऊन अंगावर आलं.

पापण्यांपासून सुरुवात केली. मिटायला २ फ्रेम, मिटलेली २, उघडायला ३. एका नळावर छान दिसलं म्हणून तेच चौघांवर चिकटवलं, तर पाचही जण शाळेतल्या पीटीच्या तासासारखे एका ठोक्यावर डोळे मिटायला लागले. आता प्रत्येकाची लय वेगळी ठेवली आहे. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. माझा खरा नळ जरा जास्त लववतो, बिचारा घाबरलेला आहे.

खरी अडचण खुणांच्या क्रमाची. माझा पहिला बेत होता की पापणी थांबेल, माळ टवटवीत होईल, सावली विरेल आणि सगळ्यात शेवटी पाय उचलले जातील. करून बघितलं तर देव उचललेले वाटेचनात, कागदावर थोडे वर काढल्यासारखे दिसले. कारण उघड आहे, पण मला तीन रात्री लागल्या. पाय अधांतरी आहेत हे डोळ्याला सांगते ती सावलीच. पाय आणि सावली यांच्यात फट पडली तर उंची कळते. सावली आधीच पुसली तर कशाच्या वर गेले? म्हणून आता पाय आधी सुटतात, ८ पिक्सेल, सावली खालीच राहते, आणि दीड सेकंदाने ती विरते. मूळ कथेत असा क्रम नाही. तेवढी मोकळीक घेतली आहे.

सावलीवरून आठवलं. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. स्वयंवर त्या मुहूर्तावर असतं तर दमयंतीची पंचाईत झाली असती. माझा प्रसंग दुपारी चारचा आहे.

माळेसाठी बर्डीच्या बाजारातून मोगऱ्याचा हार आणला, गच्चीत टांगला आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढले. या दिवसांत तो किती टिकला असेल हे नागपूरकरांना सांगायला नको.

देवांच्या डोळ्यांचं कोडं मात्र चितार ओळीत, म्हणजे इथल्या मूर्तिकारांच्या वस्तीत सुटलं. पापण्या थांबवल्यावर माझे देव दचकल्यासारखे दिसत होते. तिथे एक मूर्तिकार भाऊ रंगकाम करत होते. म्हणाले, “डोये सगळ्यात शेवटी. आधी काढले तं मंग आपल्याले हात लावाले जमत नाही, ते पाह्यतच राह्यते ना!” मी त्यांच्या मूर्तीकडे नीट पाहिलं. वरची पापणी बुबुळावर किंचित उतरलेली. माझ्या देवांची बुबुळं पूर्ण गोल, चहूबाजूंनी पांढरं. पापणी दोन पिक्सेल खाली घेतली आणि चौघेही शांत झाले.

आजची स्थिती : ९६ पैकी ४१ सेकंदं रंगासकट तयार. धूळ अजून बाकी आहे. हंसाचा प्रसंग या फिल्ममध्ये नाही, कृपया पुन्हा विचारू नका.

आवाजाचं काम काल झालं. दमयंतीची आण काकूंच्याच आवाजात. कूलर चालू असला की माइकमध्ये फक्त कूलर येतो, म्हणून दुपारी तीनला तो बंद केला आणि खिडक्या लावल्या. पहिले दोन टेक घाईत गेले. तिसऱ्याला काकूंचा आवाज शेवटच्या ओळीवर असा काही थरथरला की मी हेडफोन घट्ट धरले. तोच टेक ठेवला आहे. फक्त शेवटचं एक सेकंद कापावं लागलं, त्यात त्या म्हणतात, “झालं का रे? आता लाव बाबा तो कूलर.”