तुम्ही विचारलंत म्हणून : सर, तुम्ही पाण्यात का उतरत नाही?

टँकवर मुलांना सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, सर तुम्ही स्वतः इतकी वर्षं स्पर्धा पोहलात, मग शिकवताना काठावरच का फिरत असता? काहींना वाटतं सर आळशी झाले. (थोडं खरं आहे, जानेवारीत पहाटे साडेपाचला उतरून बघा एकदा.)

अगदी नवीन, पाण्याला घाबरणारं पोर असेल तर मी उतरतोच. पण स्पर्धेच्या बॅचबरोबर पाण्यात गेलो तर मला दिसणार काय, फेस आणि पाय! पोहणाऱ्याला तर स्वतःचं काहीच दिसत नाही, तळाची काळी पट्टी तेवढी दिसते, आणि दमल्यावर तर वाटतं की आपण जाम जोर लावतोय पण खरं म्हणजे कोपर खाली पडलेलं असतं, हात नुसतेच भराभर फिरत असतात, पुढे काही जात नाही. हे काठावरूनच कळतं. एका लॅपला किती स्ट्रोक लागले ते मोजायचं, घड्याळ बघायचं, स्ट्रोक वाढले आणि टायमिंगही वाढलं की समजायचं पाण्यावरची पकड सुटली.

आणि शेवटचे पाच मीटर. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2018 च्या एशियन गेम्सला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, ब्राँझ हुकलं ते 0.01 सेकंदाने. 2008 ला बीजिंगमध्ये 100 मीटर बटरफ्लायला सर्बियाचा चाविच पुढे होता, तो हात लांब करून भिंतीकडे घसरत गेला, अमेरिकेच्या मायकल फेल्प्सने एक अर्धा स्ट्रोक जास्त मारला आणि त्याच 0.01 ने गोल्ड नेलं. म्हणून माझी पोरं वैतागली तरी फिनिश, म्हणजे शेवटी भिंतीला हात लावणं, परत परत करून घेतो. फेल्प्सचा कोच बॉब बोमन स्वतः कॉलेजपर्यंतच पोहला हं, ऑलिंपिकला उतरला नाही, पण काठावरून त्याला जे दिसायचं ते भल्याभल्या मेडलवाल्यांना दिसत नाही असं माझं मत.

आणि हो, गॅलरीतून "हात मार, हात मार" ओरडू नका प्लीज. कान पाण्यात असतात, पोराला काही ऐकू येत नाही, माझंही येत नाही, म्हणून तर मी भिंतीपाशी उभा असतो, सेट (ठरवून दिलेले लॅप) संपवून डोकं वर काढलं की तिथेच काय ते सांगतो.