मोगऱ्याच्या कुंडीवरचा जार

जानेवारीत घरातला पाण्याचा जुना २० लिटरचा जार वरून-खालून कापला आणि बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीवर ठेवला, तर आई म्हणाली अगं घोडबंदरला आधीच थंडी नावापुरती, त्यात त्याला अजून कशाला उकडवतेस. मला फक्त बघायचं होतं काय होतं ते.

आयडिया माझी नाही. आर्क्टिकच्या टुंड्रावर, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या गारठलेल्या माळरानावर, १९९० पासून आयटेक्स नावाचा प्रयोग चालूये, त्यात जमिनीवर पारदर्शक षटकोनी कुंपण ठेवतात, वरून उघडं, हीटर नाही वीज नाही, वारा अडतो, ऊन अडकतं आणि आत १ ते ३ अंश जास्त गरम होतं. बस एवढंच. मग वर्षानुवर्षं आत कोण वाढतंय ते मोजत बसायचं.

मला वाटायचं गरम झालं की तिथली झाडं मरणार. पण बुटका बर्च, विलो ही झुडपं तर खूशच होतात, उंच होतात, पसरतात. अलास्कात १९४० च्या दशकात विमानातून काढलेले फोटो आणि २००० च्या आसपास त्याच जागांचे काढलेले फोटो शेजारी ठेवले तर झुडपं दाट झालेली सरळ दिसतात. मार खातं ते त्यांच्या सावलीतलं लायकेन, म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाची भावकी, आणि रेनडिअर हिवाळ्यात नेमकं तेच खाऊन जगतात!

त्यात गंमत अशी की झुडपं वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात, तो बर्फ जमिनीवर गोधडीसारखा बसतो, खालची माती कमी गारठते, मातीतले जीवाणू हिवाळ्यातही थोडं काम करत राहतात आणि त्या खतावर झुडपं अजून वाढतात. उन्हाळ्यात मात्र त्यांचीच सावली जमीन थंड ठेवते, त्यामुळे खालच्या कायम गोठलेल्या मातीचं नक्की काय होणार हे जागेजागेवर बदलतं.

आणि सगळीकडे हिरवंगारच होतंय असंही नाही हं. भर हिवाळ्यात आठवडाभर उबदार हवा आली की बर्फ वितळतो, कळ्या फसून जाग्या होतात, परत थंडी पडली की फांद्या तपकिरी. ढगाळ हवेत आपला आंब्याचा मोहोर काळा पडतो ना, तसाच जीव हळहळतो वाचून.

माझ्या मोगऱ्याला महिनाभरात ढिम्म फरक पडला नाही. कडेला उगवलेली आंबुशी मात्र अख्खी कुंडी बळकावून बसली. आईने जार उचलून कोथिंबिरीवर ठेवलाय, कबुतरांपासून वाचवायला.