तांबड्या पाटीखालचा दरवाजा

बेळगाव-खानापूर रस्त्यावरील एका मंगल कार्यालयाचे वीजकाम मी पाहत होतो. संकटकालीन दरवाजांसाठी मालकांनी स्वतःच पाट्या आणल्या होत्या: काळ्या पत्र्यावर लाल उजेडाची कन्नड आणि इंग्रजी अक्षरे. मी हिरव्या पाट्या सुचवल्या, तेव्हा ते म्हणाले, "सांबऱ्याहून विमानाने गेलो, तेव्हा दारावर लाल अक्षरेच होती. विमानवाल्यांना कळत नाही का?"

प्रश्न रास्त होता. अमेरिकी विमाननियमांत लाल अक्षरे आहेतच. पण ती किमान दीड इंच उंचीची आणि उजळलेल्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर असावी लागतात. अक्षरे वगळून त्या उजळ भागाचे क्षेत्रफळ किमान २१ चौरस इंच लागते आणि तो अक्षरांच्या किमान दहापट उजळ असावा लागतो. म्हणजे विमानात दुरून नजरेत भरतो तो पांढरा उजेड. लाल अक्षर ही त्यातली गडद खूण. आमच्या पाट्यांनी लाल तेवढा उचलला होता, पांढरा सोडून दिला होता. शिवाय अनेक नव्या विमानांत आता हिरव्या रंगातला धावणारा माणूसच दिसतो.

बोलून पटवण्यापेक्षा दाखवावे असे मला वाटले. त्या संध्याकाळी कार्यालय रिकामे होते. सभागृहाच्या एका टोकाला त्यांची लाल पाटी लावली आणि दुसऱ्या टोकाला मी आणलेली हिरवी, जिच्यावर फक्त धावणारा माणूस, दरवाजा आणि बाण होता. नवरा-नवरीच्या प्रवेशासाठी ठेवलेले धुराचे यंत्र सुरू केले, मुख्य स्विच बंद केला आणि पूर्वकल्पना दिलेल्या सहा कामगारांना बाहेर पडायला सांगितले. बॅटरी घेऊन मी मध्यभागी उभा होतो.

पाच जण हिरव्या पाटीकडे गेले. सहावा लाल पाटीकडे दोन पावले जाऊन थबकला. तिथे आग विझवण्याच्या नळीची पेटी असेल असे त्याला वाटले, हे त्याने नंतर कन्नडमध्ये सांगितले. त्याचे चुकले नव्हते, कारण सुरक्षाचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात लाल रंग मनाईसाठी व अग्निशमन साहित्यासाठी आहे, तर सुटकेच्या वाटेसाठी हिरवा. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, खानापूर तालुक्यातल्या मावशींना दोन्ही लिप्या वाचता येत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तांबडं दिसलं की थांबायचं असतंय की ओ. आणि तो माणूस पळतोय त्या अंगाला दार असणार."

आमच्या सीमाभागात पाटीवर कोणती लिपी असावी यावरून वर्षानुवर्षे वाद झाले. जपानच्या युकिओ ओटा यांनी घडवलेल्या त्या धावत्या माणसाला लिपीच लागत नाही, याचे मोल मला त्या धुरात उमगले.

मालकांना मी डोळ्याची बाजूही सांगितली. भरपूर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो. अंधाराला सरावल्यावर ही संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे सरकते आणि लाल रंग फिका पडतो. तरीही केवळ रंगावर विसंबून चालत नाही, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही. त्यांना आकृती आणि पांढरा भागच वाट दाखवतो.

ते काही वेळ दोन्ही टोकांकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः स्टूल आणून लाल पाटी काढली. पुढच्या आठवड्यात चारही दरवाजांवर हिरव्या पाट्या लागल्या.