1957 च्या आधीचं दहिसर

लेकीच्या ओबीसी जात प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो हे कळलं, तेव्हा मी निर्धास्त होतो. आमच्या चार पिढ्या दहिसर गावठाणातल्या. बाबांचा जन्म 1953 चा. वॉर्ड ऑफिसातून जन्माची नोंद काढली की काम झालं, असं वाटलं.

नागरी सुविधा केंद्रात अर्ज दिला. काही दिवसांनी दाखला मिळाला, त्यावर शेरा: नोंद आढळून येत नाही. बाबांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून मला परत दिला. काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं.

मी पुन्हा गेलो. तिथल्या एका कारकून बाईंनी बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: मु. दहिसर, ता. बोरिवली, जि. ठाणे.

"भाऊ, तेव्हा दहिसर मुंबईत नव्हतंच. आमच्या रजिस्टरात कसं सापडेल?"

ही ओळ मी आयुष्यभर पाहत आलो होतो, पण तिचा अर्थ त्या दिवशी कळला. महापालिका आजही ज्या कायद्याने चालते तो 1888 चा. त्या काळची मुंबई माहीम-शीवला संपायची. 1950 साली हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि 1957 साली दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणजे 1953 मध्ये अंधेरीला जन्मलेलं मूल पालिकेच्या हद्दीतलं आणि दहिसरला जन्मलेलं गावच्या दप्तरातलं. उपनगरातल्या जुन्या गावठाणांतल्या लोकांनी कुठेही अर्ज करण्याआधी हे साल बघावं. माझा महिना वाचला असता.

बाईंनीच सांगितलं, तहसील कार्यालयात गाव नमुना 14 मागा. गावात जन्मलेल्या-गेलेल्यांची ही नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. अर्जात मुंबई न लिहिता मौजे दहिसर लिहिलं, मागचं-पुढचं सालही शोधायची विनंती केली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी अभिलेख कक्षातल्या माणसाने कापडी बांधणीची वही टेबलावर ठेवली. पानांच्या कडा तपकिरी, हात लावला की भुगा पडायचा. तो एकेक पान दोन्ही हातांनी उलटत होता, लहान मूल उचलावं तसं.

आजोबांचं नाव दिसलं. जातीच्या रकान्यात 'आगरी'. बाळाचं नाव नाही, फक्त 'मुलगा'. त्या वह्यांत बऱ्याचदा असंच असतं; बारशाच्या आधीच नोंद व्हायची. म्हणून सहीशिक्क्याच्या नकलेसोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. प्रमाणपत्र मिळालं.

पण मी त्या रकान्यांत आणखी एक गोष्ट पाहिली होती. शाळेने बाबांची जन्मतारीख 1 जून लावलेली, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी. वहीत होती 17 ऑगस्ट. घरी येऊन जुनं पंचांग शोधलं. श्रावणातला सोमवार.

"आई म्हणायची," बाबा म्हणाले, "श्रावणी सोमवारचा आहेस तू. मला वाटायचं, उगाच लाडाने म्हणते."

नक्कल त्यांनी माझ्याकडे परत दिली नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे.