पानं घ्यायची वेळ

आमच्याकडे रात्री साडेआठला पानं घेतली जातात आणि ती नात घेते. वय वर्षं साडेतीन. आमटी-भात आणायचं काम मोठ्यांचं. पण ताटं किती, वाट्या किती, कोण कुठे बसणार, हा सगळा कारभार तिचा. ही नेमणूक कुणी केली, विचारू नका. स्वयंपाकघरात पायात पायात येते म्हणून सुनेने एकदा तिच्या हातात वाट्यांची चवड दिली नि बाहेर पिटाळलं. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि बाईसाहेब ताटाळ्यापाशी हजर.

घड्याळ तिला कळत नाही. ‘साडेआठ’ म्हटलं काय नि ‘साडेअकरा’ म्हटलं काय, सारखंच. पण देवापाशी दिवा, मग आबांच्या बातम्या, मग कुकर, मग पानं हा क्रम तिला असा पाठ आहे की त्यात कुणी घुसखोरी केलेली चालत नाही. बातम्या लांबल्या तर टीव्हीसमोर जाऊन उभी राहते. “आबा, कुकर झाला!” आणि चाळीस वर्षं माझ्या हाकेला ‘आलो आलो’ म्हणून जागचे न हललेले आमचे हे निमूट उठतात. पुढे काय होणार हे मोठ्यांच्या आधी आपल्याला ठाऊक असणं, ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट असेल! एरवी त्या बिचाऱ्यांना कुणी काही सांगतच नाही. उचलायचं, गाडीत बसवायचं, कुठेतरी उतरवायचं.

पहिले काही दिवस ती एकेक ताट न्यायची. “हे आबांचं, हे आईचं,” असं नाव घेत. प्रत्येक ताटाला एक फेरी. ताटं झाली की वाट्यांच्या फेऱ्या. आमटी निवायची, पण मध्ये कुणी हात घातला की भोकाड ठरलेलं, म्हणून आम्ही निवलेली आमटी गोड मानून घेत होतो. मग एके रात्री मुलाचा फोन आला, यायला उशीर होईल म्हणून. ही ताट हातात धरून थांबली. “बाबाचं नको?” नको म्हटल्यावर ताट परत ठेवलं. दोन पावलं गेली, वळली आणि एक वाटी नि एक भांडंही उचलून आत नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. वजाबाकीचं चिन्ह शाळेत भेटेल तेव्हा भेटेल, वजाबाकी भेटून गेली. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी आणि ‘चार चमचे आण’ म्हटल्यावर मूठभर आणणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून मला या फेऱ्यांचं अप्रूप.

डावं-उजवंही ताटातच आलं. मीठ वर मधोमध, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. चपला अजून उलट्या घालते, पण चटणी उजवीकडे वाढलेली चालत नाही.

हे काही आमच्या घरचं संशोधन नव्हे. माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तिथे मुलं स्वतः टेबलं मांडायची, एकमेकांना वाढायची. ती पद्धत गिजुभाई बधेकांच्या भावनगरच्या बालमंदिरात आली आणि तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ती बोर्डीला, खेड्यात नेली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा चिंचोके, शंख-शिंपले आणि पानाफुलांवर भागवलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तिथे हात-पाय धुणं, केस विंचरणं, अंगण झाडणं, हे रोजचं सगळं शिक्षणातच धरलेलं होतं. नंतर यायचा तो अभ्यास, आधी उरकायची ती कामं, अशी वाटणी त्या बायकांनी मानली नाही, हे मला फार आवडतं.

नाहीतर हल्ली फ्रिजवर वेळापत्रक चिकटवतात. दात घासले, एक चांदणी. दूध प्यायलं, एक चांदणी. मला त्यात ऑफिसचा वास येतो. पानं घेतल्याबद्दल आमच्या नातीला कुणी शाबासकी देत नाही. पानं घेतली की सगळे जेवायला बसतात, एवढंच. आपण काम केलं म्हणून घर पुढे सरकलं, हे तिला दिसतं. त्यापुढे चांदणीची काय मातब्बरी!

खरी गंमत परवा एका लग्नात झाली. मुलगी तशी बुजरी. अनोळखी माणूस दिसला की आईच्या ओढणीत तोंड. तिथे जेवणाला बुफे. ती गोंधळून बघत राहिली. “इथे पानं कोण घेतं?” कुणीच नाही, ज्याने त्याने आपलं घ्यायचं, हे तिला मुळीच पटलं नाही. मी पापडाकडे वळले तेवढ्यात ती रांगेच्या तोंडाशी, ताटांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिलेली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक ताट, एक वाटी. फेटेवाले काका, नवरीकडच्या आज्या, कुणी सुटलं नाही. एका गृहस्थांनी वाटी नको म्हटलं, तर त्यांना सुनावलं, “आमटी कशात घेणार?” त्यांनी मुकाट्याने घेतली.

सध्या वाद काचेच्या बरणीवरून चालू आहे. लोणचं वाढायचं तिच्या मनात आहे. सून नाही म्हणते, आबा हो म्हणतात आणि मी बरणी वरच्या फळीवर ठेवली आहे. तिने स्टूल कुठे असतं ते विचारून ठेवलंय.