नाव्हाहो कराराच्या वाटेने: फोर्ट समनर ते कॅन्यन डी शे

अमेरिकेतल्या मराठी घरांत अँटिलोप कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅलीचे फोटो हमखास सापडतात. अँटिलोप कॅन्यनमध्ये गाईडशिवाय आत सोडत नाहीत, दोन्हीकडे ड्रोन उडवू देत नाहीत, दुकानात बिअर मिळत नाही आणि पावतीवर नाव्हाहो नेशनचा, म्हणजे नाव्हाहो आदिवासींच्या स्वायत्त राष्ट्राचा, वेगळा कर असतो. बहुतेक जण याला पर्यटनस्थळाचे नियम समजतात. प्रत्यक्षात हा एका राष्ट्राचा त्याच्या भूमीवरचा अधिकार आहे आणि त्याचा कागदोपत्री पाया म्हणजे १ जून १८६८ रोजी न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर इथे अमेरिकी सरकार आणि नाव्हाहो यांच्यात झालेला करार. तो जिथे झाला तिथपासून त्याने परत मिळवून दिलेल्या भूमीपर्यंत गाडीने जाता येतं. हा वृत्तांत त्या वाटेचा.

दिशा आधी ठरवा. पूर्वेकडून पश्चिमेकडेच जा, म्हणजे फोर्ट समनर, अल्बुकर्की, गॅलप, विंडो रॉक, गॅनाडो आणि शेवटी चिनली. १८६४ मध्ये लष्कराने या लोकांना पूर्वेकडे हाकत नेलं आणि १८६८ मध्ये ते पश्चिमेकडे परतले. परतीच्या दिशेने गेलं की करारातलं एकेक कलम रस्त्यावर भेटत जातं.

अंतरं मैलांत देतो, कारण तिथल्या पाट्या मैलांतच आहेत. अल्बुकर्कीहून आय-४० महामार्गाने सांता रोझा सुमारे ११५ मैल, तिथून यूएस ८४ ने दक्षिणेला फोर्ट समनर सुमारे ४५. परत अल्बुकर्कीला येऊन गॅलप सुमारे १४०, पुढे विंडो रॉक पंचवीसेक, गॅनाडो तीसेक आणि चिनली आणखी पस्तीस-चाळीस मैल. एक मुक्काम सांता रोझात, एक गॅलपला किंवा विंडो रॉकला आणि दोन चिनलीत धरले तर दगदग होत नाही. चिनलीत एकच रात्र ठेवली तर दरीत उतरणं आणि कड्यावरून बघणं यातलं एक सोडावं लागतं. फोर्ट समनर गावात मोटेल मोजकीच आहेत, तिथे मुक्कामाचा भरवसा धरू नका.

निघण्यापूर्वी कराराचा मजकूर छापून घ्या. एकूण १३ कलमं, जेमतेम काही पानं. फोनवर ठेवला तर ऐन वेळी नेटवर्क नसतं.

फोर्ट समनर गावातून यूएस ६० ने तीनेक मैल पूर्वेला आणि मग बिली द किड रोडने साडेतीन मैल दक्षिणेला गेलं की बॉस्के रेडोंडो स्मारक येतं; नाव्हाहोंना डांबलं होतं ती छावणी हीच. रस्त्याच्या नावामुळे इथे बऱ्याच जणांची फसगत होते. बिली द किड हा कुख्यात गुंड याच परिसरात १८८१ मध्ये मारला गेला, त्याची कबरही जवळच आहे, आणि पाट्या बघत जाणारा माणूस आधी तिकडेच वळतो. आपल्याला राज्य सरकारच्या ऐतिहासिक स्थळाकडे जायचं आहे. ते आठवड्यातले काही दिवस बंद असतं, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा. इतक्या आडबाजूला जाऊन बंद दार बघावं लागलं तर पूर्ण दिवस वाया जातो.

इथे काय झालं ते माहीत असल्याशिवाय या माळावर बघण्यासारखं फारसं दिसणार नाही. १८६३-६४ मध्ये जनरल कार्लटनच्या हुकुमावरून किट कार्सन या लष्करी अधिकाऱ्याने नाव्हाहोंची शेतं जाळली, मेंढरं मारली, विहिरी निकामी केल्या. उपासमारीने शरण आलेल्या आठ ते दहा हजार माणसांना तीनशे मैलांहून जास्त चालवत इथे आणलं. पेकोस नदीचं पाणी खारट, त्याने पोट बिघडायचं. मका लावला तर अळीने खाल्ला. सरपण इतकं संपलं की लोक मैलोगणती जाऊन मेस्कीटच्या झुडपांची मुळं खणून आणत. चार वर्षांत दोन हजारांच्या वर माणसं इथे दगावली. आधीपासून डांबलेले मेस्कालेरो अपाची या दुसऱ्या जमातीचे लोक १८६५ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत निघून गेले. नाव्हाहोंची संख्या एवढी मोठी होती की त्यांना तसं निसटणं शक्यच नव्हतं.

म्युझियमची इमारत डेव्हिड स्लोन या नाव्हाहो वास्तुविशारदाची. २००५ मध्ये ती उघडली, आणि आतलं नवं प्रदर्शन नाव्हाहो आणि मेस्कालेरो लोकांना सोबत घेऊन मांडलं आहे. १९९० मध्ये काही नाव्हाहो तरुण मुलांनी इथे एक पत्र ठेवलं होतं: या स्थळावर आमच्या पूर्वजांचं खरं काय झालं ते सांगितलेलंच नाही. बदलाची सुरुवात त्या पत्रापासून झाली, ते जरूर वाचा. मग नदीकडे जाणारी पायवाट घ्या. जुन्या किल्ल्याचा बराचसा भाग पेकोसने केव्हाच खाल्ला आहे. सावली फार कमी, उन्हाळ्यात सकाळीच फिरून घ्या आणि प्यायचं पाणी गावातून भरून न्या. वाटेवर नाव्हाहो कुटुंबांनी आपल्या मुलखातून आणून ठेवलेले दगड आहेत. त्यांना हात लावू नका, त्यांच्यापुढे पोज देऊन फोटोही काढू नका.

याच जागी मे १८६८ च्या अखेरीस सरकारतर्फे जनरल शर्मन आणि सॅम्युएल टॅपन वाटाघाटीला बसले. बोलणं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून नाव्हाहोत असं दोन टप्प्यांनी होत होतं. शर्मनच्या मनात त्यांना आणखी पूर्वेला, आजच्या ओक्लाहोमात, पाठवायचं होतं. नाव्हाहोंचा प्रमुख बार्बोन्सितो याने ते साफ नाकारलं: आपल्या मुलखाखेरीज दुसरीकडे कुठेही नाही. त्या काळात पश्चिमेतल्या कितीतरी जमातींना परक्या प्रदेशात ढकललं गेलं, नाव्हाहो मात्र स्वतःच्या भूमीत परतले. माझ्या मते कराराचं सगळ्यात मोठं यश हेच, आणि ते वाटाघाटीत कमावलेलं आहे, कुणी उदार होऊन दिलेलं नव्हे. छापील मजकुरात शेवटी सह्या बघा. एकेका नावापुढे सहीऐवजी फुली आहे: बार्बोन्सितो, आर्मिहो, मान्युएलितो, लार्गो. देल्गादोच्या नावापुढे मात्र फुली नाही.

१८ जून १८६८ ला सुमारे दहा मैल लांबीचा तांडा इथून निघाला. आपणही आता आय-४० ला लागायचं.

अल्बुकर्कीपासून गॅलपपर्यंतचा रस्ता लोक डोळे मिटून पार करतात. तसं करू नका. स्वच्छ हवेत पश्चिमेला माउंट टेलर दिसू लागतो, ११,३०१ फूट, नाव्हाहोंच्या चार पवित्र पर्वतांतला दक्षिणेचा. परतणाऱ्या तांड्यातल्या वृद्धांना तो दिसला तेव्हा रडू आवरलं नाही. ग्रँट्स मागे टाकल्यावरही तो बराच वेळ साथ देतो. रस्त्याला लागून मालगाड्यांचा मार्ग आहे. तो दिसला की नववं कलम काढा: खंडाच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेला विरोध करणार नाही, अशी हमी नाव्हाहोंकडून घेतली होती. १८८१ मध्ये रेल्वे गॅलपला पोचली.

गॅलपला टाकी भरा, भाजीपाला आणि पाणी घ्या. शाकाहारी असाल तर हे टाळू नका. पुढे फ्राय ब्रेड सगळीकडे मिळते, पण बरेचदा चरबीत तळलेली असते आणि सोबतच्या बीन्समध्येही चरबी असू शकते. विचारल्यावर लोक खरं सांगतात. या पदार्थाचं मूळ बॉस्के रेडोंडोत शिधा म्हणून मिळालेल्या मैद्यात सांगतात. दारू गाडीत ठेवू नका. नाव्हाहो भूमीवर दारू बाळगणंही गुन्हा आहे. नाव्हाहो पोलिसांनी थांबवलं तर थांबायचं, वाद घालायचा नाही. बिगर-आदिवासींवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार जमातीला नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये म्हटलं, पण थांबवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार आहे हे २०२१ मध्ये एकमताने मान्य केलं.

विंडो रॉक ही नाव्हाहो नेशनची राजधानी. दुसरं कलम नकाशावर ठेवून बघा, इथे गंमत कळते. करारातली दक्षिण सीमा जुन्या फोर्ट डिफायन्सवरून जाणारी पूर्व-पश्चिम रेषा होती, आणि फोर्ट डिफायन्स विंडो रॉकच्या उत्तरेला आहे. म्हणजे आजची राजधानी १८६८ च्या सीमेबाहेर पडते! पुढे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी भूमी वाढत गेली. तीस-पस्तीस लाख एकरांपासून सुरू झालेलं राष्ट्र आज २७,००० चौरस मैलांहून मोठं आहे.

नाव्हाहो नेशन म्युझियम महामार्ग २६४ ला लागूनच आहे. कराराच्या मूळ प्रती तीन. एक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, दीडशेव्या वर्षी, २०१८ मध्ये, ती इथे आणली होती. दुसरी बार्बोन्सितोला दिली, ती त्याच्यासोबतच पुरली असं सांगतात. तिसरी टॅपनने ठेवून घेतली. ती मॅसॅच्युसेट्समधल्या घराच्या माळ्यावर ट्रंकेत सापडली आणि २०१९ मध्ये त्याच्या नातेवाइकांनी नाव्हाहो नेशनला दिली. लष्करी हिशेबवहीच्या कागदावर लिहिलेला हा दस्तऐवज प्रकाशाने खराब होतो, त्यामुळे नेहमी मांडलेला असेलच असं नाही. आधी विचारून जा. १ जून हा करारदिन. त्या सुमारास कार्यक्रम असतात, मात्र कचेऱ्यांच्या वेळा बदललेल्या असू शकतात.

कौन्सिलचं सभागृह होगन या पारंपरिक नाव्हाहो घराच्या धर्तीवर दगडात बांधलं आहे. आतल्या भिंतींवर जेराल्ड नेलर यांनी १९४० च्या दशकात रंगवलेला नाव्हाहो इतिहास आहे. २४ प्रतिनिधींचं कौन्सिल इथे बसतं. अधिवेशन नसताना आत जाता येतं, दारावर परवानगी विचारायची.

याच गावात नोकरी करणाऱ्या रोझालिंड मॅक्लानहन यांच्या पगारातून १९६७ मध्ये ॲरिझोनाने १६ डॉलर २० सेंट आयकर कापला. त्यांनी तो परत मागितला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आरक्षित भूमीवर कमावलेल्या नाव्हाहो व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याला कर लावता येत नाही, आणि त्यासाठी १८६८ च्या कराराचा आधार घेतला. गॅनाडोचा खटला त्याआधीचा. तिथे दुकान चालवणाऱ्या ह्यू ली या बिगर-आदिवासी व्यापाऱ्याने उधारी वसूल करायला एका नाव्हाहो दांपत्याला राज्याच्या कोर्टात खेचलं. १९५९ मध्ये न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकाल दिला की हा तंटा नाव्हाहोंच्याच न्यायालयात चालला पाहिजे. दोन्ही खटले पैशांनी किरकोळ. पण आज अमेरिकेतली कुठलीही जमात राज्य सरकारविरुद्ध कोर्टात उभी राहते तेव्हा हे निकाल पुढे ठेवले जातात. गॅनाडोत हबेल ट्रेडिंग पोस्ट आहे, १८७८ पासूनचं. खटल्यातलं दुकान ते नव्हे, पण उधारीवर चालणारा व्यापार कसा होता ते तिथल्या लाकडी काउंटरपाशी नीट समजतं. गालिचे विकत घ्यायचे तर विणणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर आहे का ते बघा.

प्रत्येक निकाल बाजूने लागला असं समजू नका. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की करारामुळे नाव्हाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याचं बंधन संघराज्य सरकारवर येत नाही. न्यायमूर्ती गोर्सच यांनी सविस्तर विरोधी मत लिहिलं. ते कराराच्या मजकुराशेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. वाटेत पिकअपच्या मागे पाण्याची टाकी लादून चाललेली माणसं दिसतील. इथल्या बऱ्याच घरांत आजही नळ नाही.

गॅनाडोहून चिनलीचा रस्ता अंधार पडायच्या आत संपवा. गुरं आणि घोडे मोकळे फिरतात, रात्री ऐन वळणावर समोर येतात. घड्याळाचंही बघा. उन्हाळ्यात नाव्हाहो नेशन घड्याळ एक तास पुढे करतं, उरलेलं ॲरिझोना करत नाही, आणि फोन कधी इकडची तर कधी तिकडची वेळ पकडतो. गाईडची वेळ ठरवताना “नाव्हाहो वेळ ना?” असं विचारून घ्या आणि या पट्ट्यात फोनची वेळ हाताने लावा.

चिनलीजवळच्या कॅन्यन डी शे या दरीची देखभाल राष्ट्रीय उद्यान सेवा करते, जमीन मात्र नाव्हाहोंची. पश्चिम सीमा आखताना करारात मुद्दाम लिहिलं आहे की ही दरी पूर्ण आत धरावी. ते वाक्य नसतं तर सरळ रेषेने दरीचं तोंड बाहेर टाकलं असतं. वर कड्यावरचे दोन रस्ते मोफत आहेत, दक्षिणेचा जाऊन-येऊन ३७ मैल, उत्तरेचा ३४. उत्तरेचा सकाळी आणि दक्षिणेचा दुपारनंतर केला तर ऊन दरीत नीट पडतं. स्पायडर रॉक हा सुळका दक्षिणेच्या रस्त्याच्या टोकाला आहे. उत्तरेकडच्या मॅसकर केव्ह इथे १८०५ मध्ये स्पॅनिश फौजेने आसऱ्याला बसलेल्या शंभरावर नाव्हाहोंना मारलं. कठड्याबाहेर पाऊल टाकू नका, आणि गाडीत सामान उघड्यावर ठेवू नका.

खाली उतरायचं तर अधिकृत नाव्हाहो गाईड घ्यावाच लागतो, आणि दुसऱ्या कलमातल्या परवानगीविना कुणी आत येणार नाही या शब्दांचा हा आजचा अंमल. दरीतल्या व्हाइट हाउस या प्राचीन अवशेषांकडे जाणारी पायवाट पूर्वी गाईडशिवाय खुली होती, २०२० मध्ये ती बंद झाली. जुन्या माहितीवर जाऊ नका, पर्यटक केंद्रावर विचारा. गाईड आठवडाभर आधी ठरवा, रोख रक्कम जवळ ठेवा. जुलै ते सप्टेंबर पावसाळी ढग दूरवर कोसळले तरी दरीत लोंढा येतो, आणि वाळूत गाड्या रुततात. अशा दिवशी गाईडने नाही म्हटलं तर आग्रह धरू नका. फोर्ट्रेस रॉक दाखवायला सांगा. १८६४ च्या हिवाळ्यात कार्सनचे सैनिक खाली असताना काही कुटुंबं या खडकावर टिकून राहिली, रात्री युक्का या रोपाच्या धाग्यांच्या दोरांनी खालून पाणी वर ओढत. ती माणसं फोर्ट समनरला गेलीच नाहीत. दरीतल्या पीचच्या बागा सैन्याने तोडल्या होत्या, आज खाली पुन्हा पीचची झाडं आणि मक्याची शेतं दिसतात. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. आणि त्या चार वर्षांबद्दल गाईडला खोदून विचारू नका. अनेक घरांत तो विषय काढत नाहीत. सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल.